तबकडीचे पुनर्जन्म

गेल्या दोन अंकांत या सदरात जुन्या नाण्यांविषयी आणि त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र निराळेच होते. रविवार कारंजा परिसरात तीन पिढ्यांचा भुसार मालाचा व्यवसाय असलेल्या घरातील सूनबाईंनी ते लिहिले आहे. त्यांचे सासरे तरुणपणी मुंबईस शिकत असताना इंग्रजी वाद्यसंगीताच्या, विशेषतः जॅझच्या, तबकड्या जमवीत. आता घराची दुरुस्ती चालू आहे आणि माळ्यावरची पेटी खाली आली आहे. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. मुंबईहून आलेल्या एका खरेदीदाराने मात्र चाळीस तबकड्यांतून एकच उचलली आणि त्या एकीसाठी भंगारवाल्याच्या संपूर्ण पेटीपेक्षा किती तरी अधिक रक्कम देऊ केली. सासरे म्हणतात, ‘देऊ नका, ती पहिली छपाई आहे.’ सूनबाईंचा प्रश्न असा : पहिली छपाई म्हणजे काय, तेच संगीत मोबाइलवर फुकट ऐकू येत असताना तिला किंमत कशाची, आणि मग उरलेल्या एकोणचाळीस तबकड्यांना ती का नाही?

प्रश्न व्यापाऱ्याच्या घरातला आहे, म्हणून नेमका आहे. त्याचे उत्तर देताना थोडा लांबचा फेरा घ्यावा लागेल.

पुनःप्रकाशन म्हणजे काय हे समजण्यासाठी नाशिककरांना अमेरिकेत जाण्याची आवश्यकता नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम स्थापन केला आणि त्यांचे सुपुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे बालपण या गावाशी जोडले गेले. द. वि. पलुस्कर १९५५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्या वेळी आपल्याकडे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजणारी तबकडीच प्रचारात होती. वीस-बावीस मिनिटांची एक बाजू असणारी, ३३⅓ फेऱ्यांची एल. पी. अमेरिकेत १९४८ साली निघाली खरी, पण ती आपल्या घरांत रुळली पलुस्करांच्या मृत्यूनंतर. म्हणजे त्यांच्या भजनांची एल. पी., त्यानंतरची कॅसेट, त्यानंतरची सीडी यांपैकी काहीही त्यांनी स्वतः पाहिलेले नाही. आपण आपल्या घरी पहाटे जे पलुस्कर ऐकले, ते सारे पुनःप्रकाशितच होते. २०१७ साली बाजारात आलेली आणि दिवाळीत घरोघरी भेट म्हणून गेलेली ‘कारवाँ’ ही पेटीसुद्धा, नीट पाहिले तर, पाच हजार जुन्या गाण्यांचे पुनःप्रकाशनच होय.

जॅझच्या बाबतीत या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेस, न्यू ऑर्लिन्स शहराच्या परिसरात, तेथील कृष्णवर्णीय समाजात हे संगीत घडले. आपल्या मैफलीशी त्याचे एक जवळचे नाते आहे. धून ठरलेली असते, तिचा विस्तार मात्र वादक आयत्या वेळी करतो. तोच वादक तीच धून दुसऱ्या दिवशी वेगळी वाजवील. कागदावरील स्वरलिपीत हे सामावत नाही. एखाद्या ग्रंथाची हस्तलिखिते हरवली तरी पाठांतरातून तो पुन्हा उभा करता येतो, पण १९५९ सालच्या एका दुपारी वाजवलेले वादन त्या दिवशीच्या फितीखेरीज अन्य कोठेही नसते. म्हणून जॅझचा इतिहास हा बहुतांशी तबकड्यांचा इतिहास आहे, आणि कोणती तबकडी, कोणत्या फितीवरून, कोणी आणि केव्हा काढली याची चौकशी रसिक इतक्या बारकाईने करतात.

तबकडी तयार होते ती अशी. स्टुडिओतील वादन चुंबकीय फितीवर उतरते. त्या मूळ फितीवरून एक मऊ लेपाची तबकडी कोरली जाते. तिच्यावर धातूचा थर चढवून तिचे साचे काढतात आणि दोन साच्यांमध्ये तापवलेल्या व्हिनाइलचा गोळा दाबला की आपल्या हाती येणारी प्रत तयार होते. साचा साधारण हजारभर प्रती काढून झिजतो, मग नवा घ्यावा लागतो. फीत ताजी असताना, पहिल्या कोरणीतून, कलावंत आणि तंत्रज्ञ हयात असताना निघालेल्या प्रती म्हणजे पहिली छपाई. नाशिकरोडच्या छापखान्यात शंभर वर्षे टपाल तिकिटे छापली जात आहेत. तेथे काम केलेल्या कोणालाही विचारावे, नव्या पाटीवरची छपाई आणि झिजलेल्या पाटीवरची छपाई यांतील अंतर तो एका दृष्टिक्षेपात सांगेल.

पुढे मागणी आली की कंपनी पुन्हा प्रती काढते. मूळ फितीवरून काढल्या तर त्या उत्तम असू शकतात. पण फितीची नक्कल, नकलेची नक्कल अशा क्रमाने काढल्या तर आवाज पातळ होत जातो, तिसऱ्यांदा उकळलेल्या चहापत्तीसारखा. परदेशी संगीताच्या ज्या तबकड्या डमडमच्या कारखान्यात निघत, त्या बाहेरून आलेल्या नकलांवरून किंवा साच्यांवरून काढलेल्या असत. सासऱ्यांच्या पेटीतील बहुतेक तबकड्या या जातीच्या आहेत. ऐकायला त्या वाईट नाहीत, परंतु संग्राहकाच्या लेखी त्या मूळ नव्हेत. एकोणचाळीस तबकड्यांना भाव का नाही, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

जॅझच्या पुनःप्रकाशनाची सर्वांत बोधक कथा ‘ब्लू नोट’ या कंपनीची आहे आणि ती आपल्या वाचकांना पेढीची गोष्ट म्हणूनही आवडेल. जर्मनीतून अमेरिकेस आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. थोड्याच काळात त्यांचे बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्यांना येऊन मिळाले. एकाने ध्वनिमुद्रण पाहावे, दुसऱ्याने हिशेब आणि छायाचित्रे सांभाळावीत अशी वाटणी. भांडवल तुटपुंजे होते, पण वादकांना ध्वनिमुद्रणापूर्वी सरावाच्या दिवसांचेही पैसे देण्याची यांची रीत होती. त्या काळी असे करणारे विरळच. ध्वनिमुद्रण करणारे रुडी व्हॅन गेल्डर हे व्यवसायाने दृष्टितपासनीस. दिवसा ते चष्म्याचे नंबर काढीत आणि १९५९ पर्यंत हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करीत. जगातील उत्तमोत्तम जॅझ वादन त्या दिवाणखान्यात फितीवर उतरले आहे.

प्रती थोड्याच निघत, कारण खप थोडाच होता. १९६५-६६ च्या सुमारास दोघा मित्रांनी कंपनी विकली. तिचे मालक त्यानंतर वारंवार बदलत गेले आणि प्रत्येक हस्तांतरात फितींच्या पेट्या एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यास मायकेल कुस्कुना नावाच्या एका अभ्यासकाने त्या पेट्या उघडण्याची परवानगी मिळवली. त्याला जे आढळले ते असे : लायन यांनी ध्वनिमुद्रित करून, वादकांना मोबदला देऊन, काही ना काही कारणाने कधी बाजारातच न आणलेली सत्रेच्या सत्रे. दहा-पंधरा वर्षे ती फडताळात पडून होती. कुस्कुना यांनी एकेक फीत ऐकून, वादकांना विचारून, कोण कोण वाजवीत आहे याची यादी केली आणि ती सत्रे प्रकाशात आणली. पुढे एका सहकाऱ्यासह त्यांनी ‘मोझेक’ नावाची स्वतंत्र संस्था काढून, मोठ्या कंपन्यांकडून ठरावीक काळापुरता हक्क भाड्याने घेऊन, क्रमांकित आणि मर्यादित संचांत हे संगीत टपालाने विकले. मालकाला माल ठाऊक नाही आणि जाणकाराकडे माल नाही, अशा स्थितीत दोघांची गाठ घालून देणारा हा व्यापार मला विशेष वाटतो. जपानी कंपन्यांनी याच काळात इतक्या काळजीने ब्लू नोटच्या आवृत्त्या काढल्या की आज जुन्या जपानी प्रतींचेही स्वतंत्र संग्राहक आहेत.

पहिली छपाई ओळखायची कशी? तबकडीवर गाण्याच्या रेषा संपल्यावर लेबलापर्यंत एक मोकळा, गुळगुळीत पट्टा असतो. उजेडात तिरकी धरून पाहिले तर तेथे अक्षरे आणि आकडे कोरलेले दिसतात. ब्लू नोटच्या मूळ प्रतींवर तेथे व्हॅन गेल्डर यांच्या नावाचा शिक्का असतो आणि १९६६ पर्यंतच्या प्रतींवर कानासारखी दिसणारी एक छोटी खूण असते. ती वस्तुतः प्लॅस्टिलाइट या दाबकाम करणाऱ्या कारखान्याच्या नावातील पहिले अक्षर आहे, संग्राहक तिला ‘कान’ म्हणतात. लेबलावरील पत्ता कोणता, वेष्टनाचा कागद कसा, हे त्यानंतर. सराफ बाजारात दागिना हाती येताच आधी तो उलटा करून शिक्का पाहिला जातो, तोच प्रकार. अशा काही प्रतींना आज हजारो डॉलर मिळतात.

मात्र मूळ ते सर्व श्रेष्ठ, असे समजण्याचे कारण नाही. माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधील बहुधा सर्वाधिक विकली गेलेली तबकडी. तिचे ध्वनिमुद्रण २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये झाले. पहिल्या दिवशी मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद चालत होते. मंद यंत्रावर टिपलेली फीत योग्य गतीने वाजवली की संगीत थोडे जलद आणि थोडे चढ्या स्वरात येते. त्या दिवशीच्या तिन्ही रचना तबकडीच्या पहिल्या बाजूवर आल्या, आणि जगभरच्या लक्षावधी श्रोत्यांनी तेहेतीस वर्षे ती बाजू चढ्या स्वरातच ऐकली. तबकडीबरोबर आपले वाद्य जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी पंचाईत होई. सुदैवाने स्टुडिओत त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर राखीव फीतही चालू होती आणि ते यंत्र बिनचूक होते. १९९२ सालच्या पुनःप्रकाशनात त्या फितीचा उपयोग करून स्वर जागेवर आणले गेले. येथे पुनःप्रकाशन मुळापेक्षा खरे ठरले. तरीही १९५९ च्या चढ्या स्वरातील प्रतीलाच भाव अधिक आहे. संग्राहकाला सत्याहून पहिलेपण प्रिय असते, आणि हा त्याचा दोष मी काढणार नाही, कारण नाण्यांचे संग्राहकही चुकीच्या ठशाच्या नाण्याला दुप्पट दाम मोजतात. ‘मोबाइलवर फुकट मिळते’ या विधानाचा विचारही येथेच करावा. मोबाइलवर मिळणारे ते कोणत्या फितीवरचे, कोणत्या आवृत्तीतले, हे बहुधा लिहिलेलेच नसते.

आता आपल्या मुलखाकडे यावे. मुंबईत जॅझ आले ते आगबोटीतून. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पुढच्याच वर्षी क्रिकेट स्मिथ या तुतारीवादकाच्या ताफ्याने मुंबईत काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील एक धून मुंबईच्याच एका बगदादी ज्यू रचनाकाराची होती आणि तिचे नाव हॉटेलावरूनच ठेवलेले होते. नरेश फर्नांडिस यांनी या काळाचा इतिहास लिहिताना आपल्या इंग्रजी ग्रंथाचे नावही त्या धुनीवरूनच घेतले. या ताफ्यांत गोव्याचे तरुण शिरले. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले हे वादक होते. हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियेर वाझ हे त्यांतील सर्वांत नामवंत. मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखीत असे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, जी या मासिकाच्या वाचकांखेरीज इतरांना कदाचित महत्त्वाची वाटणार नाही. ७८ फेऱ्यांच्या त्या काळ्या, काचेसारख्या फुटणाऱ्या तबकड्या लाखेच्या असत. दगडाची पूड आणि काजळी यांना बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांवर वसणाऱ्या कीटकांपासून ती मिळते आणि जगाला तिचा पुरवठा मुख्यतः भारतातूनच होई. म्हणूनच युद्धकाळात, १९४२ साली, अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. आपल्या श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे सर्वांना ठाऊक असते. दिवाणखान्यात ग्रामोफोनवर भक्तिपदे ऐकणाऱ्या आपल्या किती आजोबांना ते ज्यावर कोरले आहे तो पदार्थ ठाऊक होता, कोण जाणे. व्हिनाइलच्या एल. पी.त लाख नसते.

गोव्याच्या या वादकांनी स्वतःच्या नावाने काढलेल्या तबकड्या अगदी मोजक्या. जॅझवर मुंबईत पोट भरत नव्हते. पोट भरले ते चित्रपटसंगीताने. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी चिक चॉकलेट यांना आपले साहाय्यक केले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील जी गाणी आपल्या वडीलधाऱ्यांनी लग्नांच्या वरातींत ऐकली, त्यांतील तुताऱ्यांचा तो खट्याळ आवाज गोव्याच्या जॅझवादकांचा आहे. परंतु तबकडीवर नाव चित्रपटाचे, संगीतकाराचे आणि गायकाचे. वाजवणाऱ्याचे नाही. ॲन्थनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड यांनी वाद्यमेळ बांधले, रात्र रात्र स्वरलिपी लिहिल्या आणि दिवसाचा रोजगार घेऊन ते घरी गेले. पन्नास वर्षे ती गाणी एल. पी., कॅसेट, सीडी असे जन्म घेत राहिली, त्यांतील बहुतेक जन्मांत ही नावे छापली गेली नाहीत.

याला एक ठळक अपवाद आहे आणि पत्रातील कोडे तेथेच सुटते. मुंबईच्या खरेदीदाराने पेटीतून उचललेली तबकडी म्हणजे शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’. १९६८ साली एच. एम. व्ही.ने ती काढली. चित्रपटाशी तिचा काही संबंध नाही. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी असे अकरा राग, प्रत्येक काही मिनिटांचा, सतार आणि जॅझचा वाद्यमेळ यांनी मिळून वाजवलेला. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तुतारीवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कॅस्ट्रो, तबल्यावर रमाकांत. शास्त्रीय संगीताच्या जाणकारांना ती उथळ वाटली, आणि मलाही तिच्यातील दोन-तीन राग घाईघाईने उरकलेले वाटतात. मियाँ मल्हारला ढग जमायला वेळ तरी द्यायला हवा होता. पण कलावती ऐकावा. चित्रपटांच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षे नावाशिवाय राहिलेली माणसे येथे एकदाची पुढे येऊन वाजवीत आहेत.

हिच्या मूळ प्रतीला देश-परदेशात मागणी आहे याचे कारण आता ध्यानात येईल. बाकीच्या तबकड्यांचे मूळ न्यूयॉर्कला आणि लंडनला आहे, हिचे मूळ येथलेच. हिची पहिली छपाई भारतातच झाली आणि ती भारतीय घरांतच सापडणार. सासऱ्यांचे म्हणणे खरे आहे.

सूनबाईंनी व्यवहाराचेही विचारले आहे, म्हणून थोडे लिहितो. भाव ठरतो तो स्थितीवर. या व्यापारात ‘व्हेरी गुड’ म्हणजे फार चांगली नव्हे, मध्यम, हे आधी लक्षात घ्यावे. ओरखडे, वेष्टनावर लिहिलेली नावे, वाळवीने खाल्लेले कोपरे यांनी किंमत निम्म्याहून खाली येते. एल. पी. शुद्ध पाण्याने आणि मऊ कापडाने, रेषांच्या दिशेने पुसावी. लाखेच्या जुन्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. तबकड्या आडव्या थप्पीत न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या माळ्यावर त्या वाकतात आणि श्रावणात त्यांवर बुरशी येते, म्हणून मधल्या खोलीतले कपाट बरे. रस्त्यावर विकत मिळणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळाव्यात, काही वर्षांनी त्या तबकडीवर धुरकट डाग सोडतात.

गुंतवणूक म्हणून या वस्तूंकडे पाहावे का? माझे मत प्रतिकूल आहे. सोन्याला रोज भाव आहे आणि कोपऱ्यावर गिऱ्हाईक आहे. तबकडीला गिऱ्हाईक दूरचे, थोडे आणि लहरी असते. आपल्याकडे परिग्रहाचे परिमाण घालून घेण्याची जी पद्धत आहे, ती या छंदाला चांगली लागू पडते. कपाटाचा एक खण ठरवावा, नवी तबकडी आणली तर जुनी एक कोणाला तरी द्यावी. ज्यांना ऐकायचेच आहे त्यांनी पुनःप्रकाशित आवृत्ती घ्यावी आणि निर्धास्तपणे वाजवावी. पुनःप्रकाशित प्रतीला हात लावताना मन धास्तावत नाही, हाही तिचा एक गुणच.

जॅझच्या आवडीला मुंबईत संस्थेचे रूप दिले ते निरंजन जव्हेरी यांनी. १९५२ साली त्यांनी जॅझविषयी नियतकालिक काढले आणि १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. त्या पहिल्या यात्रेत धोबीतलावच्या रंगभवनात सॉनी रोलिन्स वाजवून गेले. त्याआधी डेव्ह ब्रुबेक १९५८ साली आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ साली येऊन गेलेच होते. बाहेरचे थोर वादक आपण टाळ्यांनी घेतले. आपले बाहेर गेले त्यांचे काय झाले, हे सांगण्यासाठी एकाच तबकडीची गोष्ट पुरेशी आहे.

अमान्सिओ डिसिल्व्हा यांचा जन्म १९३६ साली मुंबईत, गोव्याच्या कुटुंबात झाला. ते गिटार वाजवीत. भारतातील हॉटेलांत वाजवून १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. लंडनमध्ये त्या वेळी भारतीय संगीत आणि जॅझ यांच्या मेळाचे प्रयोग चालू होते. कलकत्त्यात जन्मलेले रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या ‘इंडो-जॅझ’ ताफ्यात तबल्यावर आपले केशव साठे होते. याच वर्तुळातील निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी डिसिल्व्हा यांना संधी दिली. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी निघाली, जिच्यात एका रचनेचे नाव गंगेवरून आहे आणि दुसरीचे मुंबईतील एका रस्त्यावरून. त्याच वर्षी हॅरियट यांच्या जोडीने त्यांनी ‘हम दोनो’ केली. नाव वाचून देव आनंदच्या चित्रपटाची आठवण होईल, पण ही निराळी. तिच्यात गोव्यासाठी रचलेली एक संथ धून आहे. गिटार तिच्यात असे बोलते की जणू मांडवीच्या काठी कोणी एकटाच बसला आहे.

या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. कंपनीने पुन्हा छापल्या नाहीत. हॅरियट १९७३ च्या आरंभी, चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. ‘हम दोनो’ची मूळ प्रत इतकी दुर्मीळ झाली की पुढे संग्राहक तिला शेकडो पौंड देऊ लागले. या व्यवहारातला एकही पौंड वादकाच्या घरी जात नाही, हे व्यापारी वाचकांनी लक्षात घ्यावे. जुन्या प्रतीची विक्री ही विकणारा आणि घेणारा यांच्यातली असते. कलावंताला किंवा त्याच्या वारसांना काही मिळायचे तर ते नव्या आवृत्तीतून, हक्कांचा करार होऊनच मिळू शकते. डिसिल्व्हा १९९६ साली गेले. ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ पुन्हा निघाल्या त्या २००० नंतर, सीडीच्या रूपात, इंग्लंडमध्ये. ज्या गोव्याचे नाव त्या धुनीला आहे तेथे त्या पोहोचल्या तर टपालानेच.

आणि एक फीत राहिली होती. १९७२ च्या सुमारास डिसिल्व्हा यांनी लंडनमध्ये एक संपूर्ण तबकडीभर संगीत ध्वनिमुद्रित केले होते. सतार, तबला, गिटार, सॅक्सोफोन, सारे त्यात होते. नाव ठेवले ‘कोकण डान्स’. काही ना काही कारणाने ते प्रकाशित झाले नाही. फीत मात्र कोणी पुसली नाही, टाकली नाही. ब्लू नोटच्या गोदामात जे घडले तेच येथे, अगदी लहान प्रमाणावर घडले. २००६ साली, ध्वनिमुद्रणानंतर सुमारे चौतीस वर्षांनी आणि वादकाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, एका लहान इंग्लिश कंपनीने ते सीडीवर प्रथमच प्रसिद्ध केले. पुढे त्याची एल. पी.ही निघाली. ‘कोकण डान्स’ची १९७२ सालची पहिली छपाई कोणी कितीही दाम दिले तरी मिळणार नाही, कारण ती कधी झालीच नाही.